कामाचे तेवढे ठेवू, बाकी रद्दीत?

प्रश्न : सोलापूरच्या एका वाचक ताईंचे पत्र थोडक्यात असे. साखर पेठेतले वडिलोपार्जित घर दिवाळीनंतर पाडून तिथे नवे बांधकाम होणार आहे. माळ्यावर आजोबांच्या दोन लोखंडी पेट्या आणि एक गोणपाटाचे पोते आहे. आजोबा जुन्या मिलमध्ये कारकून होते आणि पुढे पंचवीसेक वर्षे हातमाग विणकरांच्या एका सहकारी संस्थेचे मानद चिटणीस. संस्था बंद पडून बराच काळ लोटला. पेट्यांत रोजनिशा, मराठी आणि तेलुगू पत्रे, मोडीतले काही कागद, संस्थेची इतिवृत्ते (सभांचे वृत्तांत), किर्द-खतावण्या (हिशेबाच्या वह्या), सूतवाटपाच्या वह्या, घराचे दस्तऐवज, फोटो आणि १९३० च्या मार्शल लॉच्या (लष्करी अंमलाच्या) वेळची दोन पत्रके आहेत. थोरले बंधू म्हणतात, कामाचे तेवढे काढा, बाकी रद्दीत द्या. चुलतभावाला पत्रके फ्रेम करून भिंतीवर लावायची आहेत. पुतण्याचे म्हणणे, सगळे मोबाइलवर स्कॅन करू आणि कागद टाकून देऊ. एक गृहस्थ जुनी तिकिटे आणि पाकिटे विकत मागत आहेत. ताई विचारतात, "आजोबा काही मोठे पुढारी नव्हते. त्यांच्या कागदांना कोण विचारणार? द्यायचे तर कुठे? आणि तोवर लॅमिनेशन करून घेऊ का?"

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते उशिरा पोचले तर नुकसान होईल. लॅमिनेशन करू नका. एकाही कागदाला नाही.

आता बाकीचे. तुमच्याभोवती चार जणांची चार मते आहेत, पण चौघांनीही एक गोष्ट धरूनच टाकली आहे : पेटीत थोडे मोलाचे कागद आहेत आणि उरलेले भरताड. बंधू मोलाचे म्हणजे घराचे दस्तऐवज समजतात, चुलतभाऊ पत्रके, ते गृहस्थ तिकिटे, आणि पुतण्या मजकूर. पुस्तकांच्या बाबतीत अशी निवड चालते. एक पुस्तक गेले तर दुसरी प्रत मिळते. कागदपत्रांच्या संग्रहाचे तसे नाही. तिथे एका कागदाला अर्थ येतो तो शेजारच्या कागदामुळे.

समजा, सूतवाटपाच्या वहीत एका महिन्यात पाच सभासदांच्या नावापुढे नुसती आडवी रेघ आहे. एवढ्यावरून काही कळत नाही. त्याच महिन्याच्या इतिवृत्तात थकबाकीदारांना सूत न देण्याचा ठराव आहे. मग रेघेचा अर्थ लागतो. त्याच आठवड्याच्या रोजनिशीत आजोबांनी लिहिलेय की ठराव झाला पण रात्री झोप लागली नाही, आणि वहीत खोचलेल्या पोस्टकार्डावर त्या पाचांपैकी एकाने मुदत मागितली आहे. वही रद्दीत, इतिवृत्त संस्थेचे म्हणून वेगळे, पोस्टकार्ड तिकिटासाठी विकलेले आणि रोजनिशी घरात, असे झाले की चारही कागद मुके. "कामाचे तेवढे" काढताना नेमके हेच होते.

आणि "आजोबा पुढारी नव्हते" याबद्दल. सोलापूरच्या मे १९३० च्या मार्शल लॉबद्दल सरकारने काय पाहिले, काय केले, याच्या फायली मुंबईच्या पुराभिलेखागारात गृहखात्याच्या दप्तरात आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, ही तारीख शहरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण त्या आठवड्यांत एका विणकराच्या घरी माग चालला की बंद राहिला, सूत कोणत्या भावाने मिळाले, मिलच्या हजेरीचे काय झाले, हे सरकारी फायलीत क्वचितच सापडते. ते अशाच पेटीत असते. पुढाऱ्यांची पत्रे जपायला पुढे येणारे असतात. चिटणीसाच्या वह्यांना वालीच नसतो.

तेव्हा पहिले काम निवडण्याचे नाही, मोजण्याचे. पेटी उघडली की हात घालण्याआधी वरून फोटो काढा. मग जो गठ्ठा जसा बांधलेला आहे, तसा उचलून ठेवा आणि वर एक चिठ्ठी : पेटी १, गठ्ठा १. चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची. बॉलपेनची शाई उतरते आणि दाबाचा वळ खालच्या कागदावर उमटतो. तारीखवार लावण्याचा मोह आवरा. आजोबांनी एखाद्या वर्षाची पत्रे दुसऱ्याच वर्षाच्या हिशेबात ठेवली असतील तर त्याला कारण असेल, आणि ते आज आपल्याला कळत नसले तरी क्रम मोडल्यावर कुणालाच कधी कळणार नाही. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि आजही अभ्यासक रुमालाच्या क्रमांकाने कागद मागतात. तुमचा गठ्ठा म्हणजे तुमचा रुमाल.

प्रत्येक गठ्ठ्याची नोंद एका ओळीत बसते : काय आहे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, लिपी कोणती, जाडी किती इंच, अवस्था कशी. "पेटी १, गठ्ठा ४ : सूतवाटप वह्या ३, मराठी, आकडे मोडीत, ४ इंच, कडा कुरतडलेल्या." बास. एकेका पानाची यादी करायला बसलात तर दिवाळी सोडा, गुढीपाडवाही पुरणार नाही. लिपीचा रकाना मात्र गाळू नका. सोलापुरातल्या घरात तेलुगू, कन्नड, मराठी, मोडी आणि इंग्रजी एकाच पेटीत नांदतात. संग्रह घेणाऱ्या संस्थेला ते वाचणारी माणसे लागणार आहेत, हे आधीच कळलेले बरे. एक इंच जाडीत साधारण दीडशे ते दोनशे पाने धरली, तर दोन पेट्या मिळून चाळीसेक इंच म्हणजे सहा ते आठ हजार पाने. दोघांनी बसून तीन-चार रविवारांत ही गठ्ठेवार यादी होते.

यादी करताना एक रकाना मालकीचा ठेवा, कारण ही पेटी एका माणसाची नाही. रोजनिशा आणि घरची पत्रे आजोबांची, म्हणजे आता सर्व वारसांची. इतिवृत्ते, सभासद नोंदवही, किर्द-खतावण्या संस्थेच्या. चिटणीस या नात्याने त्या घरी राहिल्या, पण म्हणून त्या घरच्या होत नाहीत. संस्था रीतसर अवसायनात (देणीघेणी मिटवून बंद करण्याच्या प्रक्रियेत) निघाली होती का, नोंदणी रद्द झाली का, हे ज्या निबंधकाकडे तिची नोंदणी होती त्या कार्यालयात लेखी अर्ज करून विचारा, "आमच्याकडे पुढील वह्या आहेत, त्यांची मागणी आहे का" असेही विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. बहुधा कुणाला त्या नको असतील, पण उद्या संग्रह घेणारी संस्था हाच कागद मागेल. तिसरा प्रकार आजोबांना आलेल्या पत्रांचा. कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो एरवी लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, पण लेखकाच्या हयातीत न छापलेल्या मजकुराला ही ६० वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. पत्रे जपायला किंवा संस्थेला द्यायला त्याची आडकाठी नाही. छापायची किंवा इंटरनेटवर टाकायची असतील तर आहे.

मालकी वेगळी लिहायची ती यादीत. गठ्ठे त्यासाठी फोडायचे नाहीत.

अपवाद घराच्या दस्तऐवजांचा. बांधकामाच्या परवानगीला, वाटणीला खरेदीखत, कर पावत्या लागतील, त्या काढून घ्या. काढलेल्या जागी एक चिठ्ठी घाला : "येथून १९५२ चे खरेदीखत काढले, कोणी, कोणत्या तारखेला, आता कुठे आहे." ग्रंथपाल पुस्तकाच्या जागी पाटी ठेवतात तसेच हे. झेरॉक्सही घातली तर उत्तम.

आता कागदांच्या तब्येतीकडे. माळा पत्र्याखाली असेल तर तिथली पेटी सोलापूरच्या वैशाखात भट्टीसारखी तापते, आणि उष्णता हेच कागद पिवळा आणि कुरकुरीत होण्याचे मोठे कारण. तरीही पेट्यांना नावे ठेवणार नाही. उंदरांपासून त्यांनीच वाचवले. पोते मात्र संशयित समजा. त्यातले कागद पेट्यांजवळ आणण्याआधी वेगळ्या खोलीत पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा. खाली ताजी बारीक पूड पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे. तसे असेल तर गठ्ठा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा गार होत नाही. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याला गळ घाला. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतले पाणी थंड कागदावर बसते. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह या उपायातून वगळा. उन्हात वाळवणे, औषध फवारणे, डांबरगोळ्या टाकणे, यातले काहीही नको. डांबरगोळीची वाफ तुमच्या फुप्फुसांना वाईट, आणि कडुलिंबाचा पाला चुरा होऊन डाग पाडतो.

धूळ झटकायला रंगकामाचा दोन इंची मऊ, नवा, कोरडा ब्रश, मधून कडेकडे. नाकातोंडाला एन-९५ मास्क. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले. कागदाला हातमोजे नकोत, बोटांचा अंदाज जातो आणि कडा फाटतात. फोटोंना मात्र हवेत. गंजलेल्या टाचण्या आणि पिना ओढू नका. पिनेची दुमडलेली टोके मागच्या बाजूने, मध्ये पातळ पुठ्ठा सरकवून, बोथट सुरीने सरळ करा, मग ती आपसूक निघते. एखादी कागदात रुतून बसली असेल तर राहू द्या. रबरबँड मात्र आजच काढा. जुना रबर वितळून कागदाला डिंकासारखा चिकटतो. त्यांच्या जागी सुती नाडी, सैल बांधलेली.

बांधायला कापड लागेल, आणि सोलापुरात ते सांगण्यात विशेष काय! पण इथेच एक चूक होते. दुकानातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. कापड कडक करणारी ती कांजी कसरीला आणि झुरळांना मेजवानी. तुमच्या घरात खळीचे पाणी कुणाला समजावून सांगायला नको. कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन, नीळ-स्टार्च न लावता वाळवून मगच गठ्ठे बांधा. रंगीत किंवा लाल कापड टाळा. ओल लागली तर रंग उतरतो. खळीवरून आठवले : पेठेतल्या बाइंडरकडे वह्या बांधायला देऊ नका. तो कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतो. हेतू चांगला, पण मोरचुदातले तांबे पुढे कागद जाळते, आणि कडा समान करण्यासाठी यंत्राखाली वही कापली की समासातल्या नोंदी गेल्या.

लॅमिनेशनचे कारण आता सांगते. दुकानातल्या यंत्रात गरम रोलरखाली प्लॅस्टिकचा चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरतो. तो परत निघत नाही. कागदातले आम्ल आत कोंडले जाते, शाई पसरू शकते, आणि दहा-वीस वर्षांत प्लॅस्टिक पिवळे पडून सुटायला लागले की कागदही त्याच्याबरोबर सुटतो. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावणे हा त्याचाच धाकटा भाऊ. फाटके पान दोन कोऱ्या कागदांत ठेवून द्या. जपानी टिश्यूने (पातळ पण चिवट कागदाने) ते जोडायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि त्याला अजून वेळ आहे.

चुलतभावांची फ्रेम. त्यांचा अभिमान रास्त आहे. पण १९३० चे पत्रक स्वस्त, लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेले असण्याचीच शक्यता जास्त, आणि असा कागद उजेडात फार लवकर तपकिरी होतो. पत्रकाचा चांगला स्कॅन करून त्याच आकारात छापा आणि तो लावा. चार फुटांवरून फरक कळत नाही. शिवाय चारही घरांत एकेक प्रत लागेल, भांडण मिटेल.

तिकिटे मागणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हणा. ते पाकीट घेतात, पत्र तुमच्याकडे राहते. मग तारखेचा शिक्का एकीकडे आणि बिनतारखेचा मजकूर दुसरीकडे. त्यांना किंवा आणखी कुणाला मोडी कागद हवे असतील तर एवढे लक्षात असू द्या की ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते आणि दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुने असले की १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत.

पुतण्याची योजना मला अर्धी मान्य आहे. स्कॅन करा, पण टाकण्यासाठी नाही, हाताळणी कमी व्हावी म्हणून. कागद ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके), फोटो आणि बारीक अक्षर ६०० ला. मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात, वाचायला जेपीजी किंवा पीडीएफ. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयला टिफमध्ये सुमारे २६ एमबी होते. आठ हजार पाने म्हणजे दोनशे जीबीच्या वर. ते मोबाइलमध्ये मावत नाही आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवले की चुरगळते. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. फाइलचे नाव गठ्ठ्यावरून : पे१-ग०४-०१७. "आजोबा नवीन फायनल" अशी नावे दिलीत तर रद्दी कागदाची नसेल, एवढाच फरक. चांगल्या वेगाने दिवसाला तीनशे पाने होतात, म्हणजे पूर्ण काम महिनाभराचे. म्हणून घर पाडण्याआधी रोजनिशा आणि इतिवृत्ते घ्या, बाकीचे नंतर. जाड वह्या सपाट स्कॅनरवर उलट्या दाबू नका, पाठ मोडते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, स्टँडला मोबाइल लावून वरून फोटो काढा. कोरी दिसणारी मागची बाजूही घ्या.

आता कुठे द्यायचे. पुण्यात पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय आहे, जिथे पेशवे दप्तर आहे. पुण्यातच १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडी कागदांची कदर तिथे होईल, पण विसाव्या शतकातल्या सूतवाटपाच्या वह्यांत त्यांना किती रस असेल हे विचारायला हवे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात खासगी कागदपत्रांचा विभाग आहे, तिथे भर नामवंतांवर. कामगार इतिहासासाठी नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून भारतीय श्रमिकांचा डिजिटल अभिलेखसंग्रह आहे. मूळ कागद न देता स्कॅन देण्याबद्दल त्यांच्याशी बोलता येईल. आणि गावातच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे जुने ग्रंथालय आहे. माझा कल गावाकडे आहे, कारण या वह्यांतली आडनावे वाचून "हे आमचे पणजोबा" म्हणणारी माणसे इथेच आहेत. मात्र गावप्रेमापेक्षा खोली महत्त्वाची. यादी हातात घेऊन जा, ठेवण्याची जागा डोळ्यांनी पाहा. खिडकी गळते का, वर पाण्याची टाकी आहे का, दाखल नोंदवही आहे का, आधी दिलेला एखादा संग्रह मागितला तर किती वेळात काढून दाखवतात?

हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. शाल-श्रीफळ देऊन स्वीकारलेले संग्रह एका उत्साही अधिकाऱ्याच्या भरवशावर येतात, त्यांची बदली होते, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून तोंडी काही नको. दानपत्रात पेट्यांची संख्या आणि तुमची यादी जोडलेली हवी. मालकी देता की नुसती ठेव म्हणून ठेवता, हे हवे. संग्रह एकत्र राहील, विषयवार विखुरणार नाही, हे हवे. काही नकोसे झाल्यास आधी कुटुंबाला परत, आणि स्कॅनची एक प्रत तुम्हाला, हेही. सह्या सर्व वारसांच्या, म्हणजे बंधू, चुलतभाऊ आणि आत्याचीही. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी पेटी परत मागायला जाते. मोडी पुण्याला, तेलुगू हैदराबादला आणि पत्रके संग्रहालयाला असे वाटण्याची वेळ आलीच, तर तिन्ही ठिकाणी तीच पूर्ण यादी जायला हवी.

घरातल्या भांडणांची, कर्जाची पत्रे निघतील. सभासदांच्या थकबाकीत आजच्या ओळखीच्या घरांची नावे असतील. ती फाडू नका. दानपत्रात एवढे गठ्ठे अमुक सालापर्यंत बंद असे लिहिता येते; वीस किंवा तीस वर्षांची मुदत घाला, पण तारीख घाला. "कुटुंबाच्या परवानगीशिवाय नाही" असे मोघम लिहिले की पुढच्या पिढीत परवानगी द्यायला कोण, हाच वाद होतो.

पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की ८४ वर्षांच्या आत्या तेलुगू वाचतात आणि फोटोतल्या बहुतेकांना ओळखतात. मग हे सगळे बाजूला ठेवून येत्या रविवारी आधी त्यांच्याकडे जा. प्रत्येक फोटोला पेन्सिलीने चिठ्ठीवर क्रमांक द्या, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत "फोटो सात" असे म्हणा आणि डावीकडून कोण कोण, हे त्यांना बोलू द्या. फोटोच्या पाठीवर काही लिहू नका. एका बैठकीत वीस-पंचवीस फोटोंपेक्षा जास्त नको, त्या दमतील, आणि दमल्या की नावे एकात एक मिसळतात. जाताना भिंग न्या.